चांदीचं माहेरपण

लवटे वस्ती, ता. मंगळवेढा
६ जानेवारी २०२५

पोरी अंकिता,

तुमची गाडी वढ्याच्या पल्याड गेली न्हाय तवर केराबाई दारात हजर. सगळ्यात आदी तीच. तिच्या मागनं ईश्वरप्पा पोस्टमन आला, त्याच्या मागनं माजा पुतण्या बिरप्पा, पर पयला मान शेजारणीचा. हातात वाटी. म्हणली, "बजाबाई, जरा इरजण दे." आता तूच सांग, जिच्या गोठ्यात दोन म्हशी हायत तिनं एका शेळीवालीच्या घरी इरजण मागावं व्हय? मी म्हणलं, "इरजण राहू दे, काय इचारायचं ते इचार."

मग बसली की उंबऱ्यावर. "कुत्र्यांला गाडीच्या शिटावर बसीवत्यात व्हय गं? आन त्ये गुबगुबीत कुत्रं तर खिडकीतनं तोंड काडून बसलंतं, आमदारावानी." मी म्हणलं, त्याचं नाव बिस्कीट हाय, शेरातलं हाय, त्याला तशी सवं हाय. "आन चाललीत कुटं?" म्हणलं, राजस्थानला, वाळवंट बगायला. "वाळू बगायला एवढ्या लांब? आपल्या भीमेला वाळू न्हाय व्हय?" म्हणलं, भीमेची समदी ट्रकात घालून नेली, आता वाळू बगायची तर लांबच जाया पायजे. दोघी लई हासलो. ऐन गड्ड्याच्या जत्रंत सोलापूर सोडून कोण जातं का, असंबी म्हणली. ते खरं हाय तिचं.

पर तिच्या पोटात दुसरंच हुतं. हळूच म्हणती, "चांदी कुत्री तितं मेंढराच्या वाघरीच्या जागी जाऊन बसलीती, मी बांदावरनं बगितलं. माघारी आणली का काय?" माज्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणलं, तुज्या जिबंला काटा टोचू दे!

तुला कळायचं न्हाय म्हणून सांगते. आमच्या वस्तीवर मेंढरामागचं कुत्रं कुणी इकत न्हाय. लेकीवानी द्यायचं. घोंगड्याची दशी तोडून गळ्यात बांदायची, कपाळाला भंडारा लावायचा, संगं भाकरी बांदून द्यायची. तुज्याकडं चांदी दिली तवा मी तेच केलतं, तू हासलीतीस. आन एकदा दिलं की दिलं. माघारी आणून बांदलं तर लोक म्हणत्यात, ह्या दोन घरांचं फाटलं. वस्तीवरच्या भिमाचं कुत्रं त्याच्या सोयऱ्यानं असंच माघारी आणून सोडलं, त्ये दोघं फुडं एकमेकाच्या मयताला गेलं न्हाईत.

तवा केराबाईला मी ठासून सांगितलं. म्हणलं, माजा मालक ज्ञानबा गेला, माजं गुडगं गेलं, मेंढरं इकली, तवा मी ह्या कुत्रीचं कल्याण केलं. आता ती जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर पंख्याखाली झोपती. खाली पार्किंगमदी बारक्या पोरांला गोळा करून एका कोपऱ्यात हुबी करती, येवडी हुशार. हे तूच सांगितलंतंस की. आन काल तुमी हुरडा खात हुता तवा जरा जाऊन बसली वाघरीत, तर काय झालं? मेंढरं कोंडायची जाळीबी न्हाय आता तितं, नुसत्या मेका हायत. त्या मेकांच्या मदोमद बसून इकडं तिकडं बगत हुती. लेक म्हायेर बगून गेली म्हणायचं.

आता पाडव्याला मीबी येतेच तुमच्याकडं कायमची. मी व्हय म्हणलं तवा माज्या नातवाचं, ऋतुराजचं तोंड बगितलंस? ल्हान असताना जत्रंत शिट्टी घेतल्यावर व्हायचं तसं झालंतं. मला लई गोड वाटलं. तितं दिसभर काय करायचं ते फुडचं फुडं.

घोंगडं दिलंय ते गाडीतच ठिवा. वाळूत थंडी पडती म्हणत्यात. आन फोन करू नगं. माज्या कानात फोन नुसता चुरचुरतोय, तव्यावर पाणी टाकल्यावानी. पत्र लिव्ह. तिसरीतनं साळा सुटली तरी वाचाय येतं मला.

तुजी आजी
बजाबाई


जैसलमेर
१६ जानेवारी २०२५

प्रिय आजी,

तुमचं पत्र आम्ही निघालो त्याच सकाळी मिळालं. ऋतुराज गाडी चालवत होता आणि मी मोठ्यानं वाचत होते. 'आमदारावानी' ऐकून तो इतका हसला की मागून हॉर्न वाजायला लागले. बिस्कीट तेव्हाही खिडकीतून तोंड काढूनच बसला होता. त्याला दोन-तीन गावांनी तरी नमस्कार केला असेल.

वाळवंट मला वाटलं होतं तसं नाही. सगळीकडे वाळूचे डोंगर असतील असं वाटलं होतं, पण बराचसा आपल्यासारखा माळच आहे. बाभळीसारखी काटेरी झाडं, मधे एखादं गाव, आणि मग अचानक वाळूच्या टेकड्या सुरू होतात. वाळू चहात येते, कानात येते, भाकरीत तर येतेच. बिस्कीटनं पहिला उंट बघितला आणि थेट सीटखाली जाऊन बसला. तिथून त्याला काढायला बिस्किटंच दाखवावी लागली. त्याच्या पंजांत गोखरूसारखे काटे भरतात. ऋतुराज दर मुक्कामाला चष्मा लावून ते काढत बसतो आणि त्याची माफी मागत असतो.

चांदी बरी आहे.

इथल्या मेंढ्या पांढऱ्या असतात आणि तोंडं काळी. आपल्यासारख्या काळ्या नाहीत. काल एका विहिरीपाशी मोठा कळप बघितला. आजी, मला काय झालं कोण जाणे, रडूच आलं. कालपासून जेवण जात नाही. गाडीत बसायचं म्हटलं की पोटात ढवळतं. ऋतुराजही गप्प आहे. आम्ही ठरल्यापेक्षा आधीच परत निघतोय, उद्याच. काळजीचं काही नाही, आल्यावर सविस्तर लिहीन.

घोंगडीवर बसलेल्या बिस्कीटचा फोटो सोबत ठेवते. घोंगडी फार उबदार आहे.

तुमची
अंकिता


लवटे वस्ती
२५ जानेवारी

पोरी अंकिता,

मला समजलं! तू लिवलं न्हाईस तरी समजलं. म्हातारीपासनं लपीवतीस व्हय? जेवण जात न्हाय, पोटात ढवळतंय, उगंच रडू येतंय, आन नवरा गप गप. ऋतुराजचा बाप पोटात हुता तवा मी पांढरा पावटा बगून रडले हुते. तू निदान मेंढरं बगून रडलीस, घराण्याला शोभंल असं तरी झालं.

ईश्वरप्पा पाकीट घिऊन आला तवा त्याच्याफुडंच फोडलं. त्याला वाचून दाखीवलं. त्यो निम्म्या कानडीत म्हणला, "येन् अज्जी, गोड बातमी?" मी म्हणलं, तुजी तूच समज. त्यानं ते केराबाईच्या दारात जाऊन समजून घेतलं, आन केराबाईनं बाजारापस्तोर समजावलं. आता मला कुणी वाटंनं जाऊ दिना, समदी थांबवून इचारत्यात. मी कुणाला व्हय म्हणलं न्हाय. नुसती हासते. हासणं आवरंना त्याला मी काय करू?

डिंकाचं लाडू करायला घेतलंय. खोबरं बिरप्पाच्या बायकूनं किसून दिलं. तिच्या हाताला चव न्हाय पर किसायला काय चव लागती.

आता गाडीत लांब फिरू नगं. आन खड्ड्यांच्या रस्त्यानं मुळीच न्हाय, म्हंजी आमच्याकडं येऊच नगं, मीच येते. पाडवा येतोच हाय. मी आवराआवर काडलीया. शेळी बिरप्पाला दिली. बाज केराबाईला दिली, ती म्हणली लई दिसापासनं तिचा डोळा हुता त्या बाजंवर. मला म्हाईतच हुतं. वाघरीच्या मेका उपटायला गेले, पर त्या काय निगाल्या न्हाईत. तुज्या आजेसासऱ्यानं ठोकल्यात, त्या अशा म्हातारीच्या हातानं निगतील व्हय? ऱ्हाऊ दिल्या.

फोटोत बिस्कीट एकटंच हाय. चांदी कुटं हुती? का तीच फोटो काडत हुती? तिला म्हणावं आता घरात ल्हान लेकरू येणार, राखायला शिक. मेंढराचं पिल्लू राखलंय तिनं, माणसाचं काय अवगड!

तुजी आजी


जुळे सोलापूर
२ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तुमचं पत्र आल्यापासून रोज लिहायला बसते आणि उठते. आज सगळं खरं लिहिते.

आजी, तसं काही नाही. बाळ नाही. आम्हाला हवं आहे, पण अजून नाही. तुम्हाला इतका आनंद झाला होता की मला आधी वाटलं, तो असाच चार दिवस राहू द्यावा. पण तुम्ही लाडू केलेत. रागावू नका.

झालं ते असं. जैसलमेरच्या पुढे एका विहिरीपाशी आम्ही डबा उघडला होता. तेवढ्यात तो कळप पाण्याला आला. चांदी गाडीत होती, काच अर्धी खाली. ती त्या फटीतून कशी बाहेर आली, अजून कळत नाही. सरळ कळपाच्या मागे गेली. भुंकली नाही, कुणाला चावली नाही. एक कोकरू काट्यात मागे राहिलं होतं, त्याच्याभोवती फिरून त्याला आणून आईपाशी सोडलं. लाल फेट्याचा एक म्हातारा होता, त्याला वाटलं शेजारच्या कळपाची असेल. त्यानं तिला आपल्या भांड्यात दूध दिलं.

दुपारभर ती त्या मेंढ्यांबरोबर चालली आणि आम्ही मागून हळूहळू गाडी. आजी, मी तिला तशी कधी बघितलीच नव्हती. कान उभे, शेपूट सरळ. आमच्याकडे आल्यापासून ती नुसती पडून असते, आणि मी समजत होते की तिचा स्वभावच शांत आहे.

निघायची वेळ झाली तेव्हा ऋतुराजनं हाक मारली. ती धावत आली, त्याचा हात चाटला आणि परत मेंढ्यांकडे गेली. पुन्हा हाक मारली, पुन्हा तसंच. तो म्हातारा खुणेनं म्हणाला, राहू दे इथे. ऋतुराज म्हणाला, "माझ्या आजीची आहे." आणि तिला उचलून गाडीत घातली, काचा लावल्या. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. घरापर्यंत मागच्या काचेतून बाहेर बघत बसली. मला रडू आलं ते त्यामुळे. ऋतुराज अजून मला विचारतो, "मी चुकलो का गं?"

इथे आल्यावर तिनं खाणं जवळजवळ सोडलं आहे. डॉक्टर म्हणतात दुखणं काही नाही. दाराकडे तोंड करून पडते. बिस्कीट त्याचं खेळणं तिच्यापुढे नेऊन ठेवतो, तेही बघत नाही. आणि ती पार्किंगमधली गंमत, आजी, ती लोकांना गंमत वाटली नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे खूप बोलले. आता तिला साखळीनेच खाली नेतो.

तिला तुमच्याकडे आणून सोडावं असं सारखं मनात येतं. पण केराबाईंचं बोलणं आठवतं. आपल्या दोन घरांत काही फाटलेलं नाही आणि तसं कुणाला वाटायलाही नको आहे. म्हणून एक सुचलं. तुम्हीच लवकर या. पाडव्याची वाट कशाला? ऋतुराज येत्या रविवारी न्यायला येईल. तुम्ही जवळ असलात की तिला तिचं माणूस मिळेल. तुमची खोली तयार आहे. खिडकीला डासांची जाळी बसवली. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसते, पण उजेड चांगला येतो. कॉट नवीन घेतली, गादी मऊ आहे. तुम्हाला कशालाही उठावं लागणार नाही.

याल ना?

तुमची
अंकिता


लवटे वस्ती
१० फेब्रुवारी

पोरी अंकिता,

रविवारी ऋतुराज न्यायला येतो म्हणून तू लिवलंतंस, मी ईश्वरप्पाच्या फोनवरनं येऊ नगं म्हणून निरोप धाडला. त्यो रुसला आसंल. रुसू दे. पत्रात लिवल्याबिगर मला मनातलं बोलता येत न्हाय, आन हे पत्र लिवायला मला येळ लागला.

पयलं लेकराचं. पोरी, चूक माजी, तुजी न्हाय. मलाच घाई. येईल तवा येईल. आन न्हाय आलं तरी तू हायसच की, तुला काय मी लेकरासाठी आणलंय व्हय? वस्तीवर मी सांगितलं, "माजीच समजूत चुकली, हासा मला." हासली समदी. लाडू तूच खायाचं, डिंक काय पोटुशीसाठीच उगवत न्हाय.

आता चांदीचं. तुजं पत्र वाचून मी बांदावर जाऊन बसले. ज्वारी निगालीया, रान मोकळं दिसतंय. मनात म्हणलं, बजाबाई, गावभर सांगत फिरलीस, कुत्रीला पंख्याखाली ठिवली, राणी केली. आन ती बापडी बिनमेंढराच्या घरात पोरं हाकत बसली. तिला पंखा काय करायचा? वारं खाऊन वाडलेलं जनावर ते. खिडकीतनं भित दिसती म्हणतीस. भित बगून तिचं काय व्हणार? गादी मऊ आन कशाला उठायचं न्हाय, आसं दिसभर पडून पडून तर चांगलं जनावरबी आजारी पडंल. मी आपली चांदीचं म्हणते बरं. दुसऱ्या कुणाचं न्हाय.

तू म्हणतीस माघारी आणता येत न्हाय. खरं हाय. पर लेक म्हायेरी येती का न्हाय? पंचमीला येती, जत्रंला येती, दुखणं आलं तर येती. त्याला कोण माघारी आली म्हणतं व्हय?

तवा काल मीच वाटी घेतली आन केराबाईच्या दारात गेले. "इरजण दे," म्हणलं. ती बगायलाच लागली. मग सांगितलं, "माजी चांदी म्हायेरपणाला येतीया. ऋतुराज आन अंकिता सोडाया येणार हायत. अंकिता मानानं धाडतीया." केराबाई इचार करून म्हणती, "किती दिस ऱ्हाणार?" म्हणलं, म्हायेरपण किती दिसाचं ते म्हायेरच्यानं ठरवायचं. तू काय तुज्या लेकीला, आक्कीला, दिवाळीला आणून शिमग्यापस्तोर ठिवली न्हवतीस? मग उठून आत गेली. इरजणबी चांगलं घट दिलं.

बिरप्पाला म्हणलं, तुजी मेंढरं लोकाच्या रानात बसीवतोस, त्यापरीस माज्या रानात बसीव. ज्वारी निगालीया, रानाला लेंडी पडंल, तुलाबी वढा जवळ. तो लगी व्हय म्हणला. त्याच्या मेंढरांला राखण नीट न्हाय, परवाच लांडगा फिरून गेला. बायकू म्हणली, "चांदीआक्का येतीया तर आमालाबी झोप लागंल." मेकांला जाळी बांदून झाली. बरं झालं उपटल्या न्हाईत.

आता ऋतुराजला एक समजावून सांग, मला सांगता यायचं न्हाय. लेक म्हायेरी आली आन आय घर झाकून दुसरीकडं गेली, आसं कुटं असतं व्हय? तिच्या भाकरीला कोण बसंल? तवा पाडव्याचं जरा बगायला लागंल. खिडकीची ती डासांची जाळी काडू नगंस. मी येईन की चार दिस, तुज्या हातचं खाईन, बिस्कीटासंगं टीव्ही बगीन. पर त्याचं तोंड पडंल, ते मला बगवायचं न्हाय. तू हळू सांग.

गळ्यातली दशी सोडू नगं. दिलेली लेक ती दिलेलीच.

तुजी आजी


जुळे सोलापूर
१३ फेब्रुवारी

प्रिय आजी,

ऋतुराजला तुमचं पत्र वाचून दाखवलं. 'खिडकीतनं भित दिसती' पाशी त्यानं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि पुढचं स्वतःच वाचलं. मग म्हणाला, "आजी नक्की कुणाबद्दल लिहितेय?"

मी म्हटलं, "चांदीबद्दल."

तो म्हणाला, "बरं." आणि उठून तुमच्या खोलीच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाला, "भिंत खरंच फार जवळ आहे गं."

रविवारी येतो. चांदीला घेऊन. माहेरी.

तुमची
अंकिता


लवटे वस्ती
१८ फेब्रुवारी

पोरी अंकिता,

तुमी गेल्यावर आदी कोण आलं ते सांगतच न्हाय, तुला म्हाईत हाय. पर ह्यावेळी ती वाटी घिऊन न्हाय आली, बाज घिऊन आली! डोक्यावर पालथी घातलेली, आन तोंड हे येवडं वाकडं. "घे तुजी बाज, तुला कुटं जायचंच न्हाय तर मी कशाला ठिवू." म्हणलं, ठिव की. न्हाय म्हणली, तिचं सुंब टोचतंय. येवडे दिस डोळा ठिवला तवा टोचत न्हवतं व्हय? शेळी मातुर बिरप्पा देईना, ती गाभण राह्यलीया. राहू दे तिकडं, दूध हिकडंच येतंय.

मला ते सारखं आठवून हासू येतंय. गाडी थांबली, तू दार उगडलंस, आन मी भाकरतुकडा हातात घिऊन हुबी. केराबाई शेजारी भंडाऱ्याची वाटी घिऊन. मी म्हणलं, नीट लेकीवानी ववाळायचं. उजव्या अंगानं ववाळला, डाव्या अंगानं ववाळला, आन टाकायला हात मागं केला तर चांदीनं तो भाकरतुकडा हवेतच झेलला! केराबाई वरडली, "अगं, ववाळलेला टाकायचा असतोय, खायाचा न्हाय!" मी म्हणलं, खाऊ दे, म्हैनाभराची उपाशी हाय ती. तुज्या डोळ्याला धारा लागल्या आन तू हासतबी हुतीस. ऋतुराजनं सगळी भाकर आणून तिच्याफुडं मोडली. तिनं समदी खाल्ली. मग त्याचा हात चाटला आन गेली मेंढराकडं. ह्यावेळी त्यानं हाक मारली न्हाय. मी बगत हुते.

आन तुज्या बिस्कीटाला एडक्यानं ढुसणी दिली ते तू बगितलं न्हाईस, तू आत चा टाकत हुतीस. गोल लोळण घेतली त्यानं. उटला तो आमदारावानी अंग झाडून, जसं काय स्वतःच लोळायचं ठरीवलंतं.

चांदी आता वाघरीच्या तोंडालाच असती. सकाळी मेंढरं निगाली की फुडं, सांजला मागं. मदी एकदा माज्याकडं येती, मी भाकर देते, खाऊन परत. माजं गुडगं दुकतंय, पर तिच्यासाठी बांदापस्तोर जावंच लागतं. बिरप्पाची बायकू म्हणली, "आत्या, तुमी हिंडायला लागलाव की." म्हणलं, लेक म्हायेरी आलीया, पाहुणचार कोण करणार?

ऋतुराज गाडीकडं निगाला. तू गाडीत बसलीतीस. त्यो वळला, माज्या कानाशी आला आन मोट्यानं वरडला, मला ऐकू यावं म्हणून. समद्या वस्तीनं ऐकलं. "आज्जी, पाडव्याला न्यायला येऊ का नगं?"

मी म्हणलं, "ये की. न्यायला न्हाय, ऱ्हायला ये."

त्याचं तोंड पडंल आसं वाटलंतं मला. पर बगितलंस का तू? तेच शिट्टीवालं तोंड झालं त्याचं, जत्रंतलं.

बिस्कीटाला घिऊन या, त्याचं खेळणं घिऊन या, एडक्याला मी बांदून ठिवीन. घोंगडं मातुर तिकडंच ठिव, ते तुजं हाय. पाडव्याला येतो म्हणालाव. पाडवा रविवारी हाय, तीस मार्चला.

तुजी आजी
बजाबाई